ऱ्हाइनचा सरदार आणि घागऱ्यासारखी विजार

मध्ययुगीन जर्मन मुलखात ‘ग्राफ’ म्हणजे राजाच्या वतीने एखाद्या प्रदेशाचा कारभार पाहणारा अंमलदार. सरहद्दीवर नेमलेला तो मार्कग्राफ, किल्ल्यावरचा बुर्गग्राफ आणि माइन्झजवळच्या ऱ्हाइनगाऊ प्रांताचा ऱ्हाइनग्राफ. पुढे ही पदे वंशपरंपरागत झाली आणि कारभार सुटला तरी किताब घराण्यांकडे राहिले. त्यांतला ऱ्हाइनग्राफ हा किताब सतराव्या शतकात चक्क एका विजारीला चिकटला.

फ्रेंचांच्या तोंडी त्याचा ‘रँग्राव्ह’ झाला होता. डच फौजेत चाकरी करून मास्ट्रिख्तचा गव्हर्नर झालेल्या एका ऱ्हाइनग्राफामुळे ही विजार प्रचारात आली, असे परंपरेने सांगितले जाते. कमरेशी दाट चुण्या आणि तिथून गुडघ्यापर्यंत मोकळा सुटलेला घेर, अशी तिची ठेवण होती. आधीच्या विजारींप्रमाणे ती गुडघ्याशी आवळलेली नसे. काहींना मधले आसनही नसे, म्हणजे तो सरळसरळ आखूड घागराच. शिवाय कमरेला आणि कडांना रेशमी फितींचे झुबके. १६६६ साली मोलिएरने ‘मिझान्थ्रोप’ या नाटकात, प्रेयसीला भुरळ पडली ती प्रतिस्पर्ध्याच्या अवाढव्य रँग्राव्हची का, असा टोमणा नायकाच्या तोंडी घातला आहे.

हा घेर किती असावा? लंडनच्या सॅम्युएल पेपीसने ६ एप्रिल १६६१ च्या रोजनिशीत टाउनसेंड नावाच्या गृहस्थाची फजिती नोंदवली आहे: त्याने दोन्ही पाय विजारीच्या एकाच पायात घातले आणि दिवसभर तसाच वावरला. चालताना पाऊल अडले नाही, यातच कापडाचा हिशेब आला.

पुढे गुडघ्यापर्यंत पोचणारे लांब कोट रूढ झाले. त्यांच्याखाली एवढा घेर मावणेही कठीण आणि दिसणेही अशक्य, त्यामुळे १६८० च्या सुमारास रँग्राव्ह मागे पडली आणि ‘क्युलोत’ ही गुडघ्याशी बंद होणारी अरुंद विजार उमरावांची ओळख बनली. फ्रेंच राज्यक्रांतीत पॅरिसचे कामकरी लोक स्वतःला ‘सां-क्युलोत’, म्हणजे क्युलोत न घालणारे, म्हणवू लागले, ते तिलाच उद्देशून. त्याच धामधुमीत, जुलै १७९४ मध्ये, ऱ्हाइनग्राफांच्या वंशातला साल्म-किरबुर्गचा संस्थानिक तिसरा फ्रेडरिक पॅरिसमध्ये गिलोटिनखाली गेला.