छप्पर गेलं कुठे?

फॉइलची गुंडाळी संपली की उरते ती पुठ्ठ्याची नळी हातात घ्या. दोन्ही टोकं धरून ओला कपडा पिळतो तशी पिळून बघा. दाद देत नाही. आता कात्रीने तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चीर द्या आणि परत पिळा. चिरेच्या कडा एकमेकींवरून सरकतात आणि नळी सहज वळते. पुठ्ठा तेवढाच आहे, तुटला तो फक्त घेर. त्रिज्या जाडीच्या 10 पट असेल, तर गणिताप्रमाणे नळीचा पीळ सोसण्याचा ताठपणा 300 पटींनी घटतो.

छपराची गाडी हीसुद्धा बऱ्याच अंशी अशीच बंद नळी असते. तळ, बाजू, काचांच्या कडेचे खांब आणि वरचं छप्पर मिळून घेर पूर्ण होतो. कन्व्हर्टिबल, म्हणजे उघड्या छपराची गाडी, करताना आपण नेमका तोच कापतो.

एक पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की गाडीचं नाक एकीकडे कलू पाहतं, मागचा भाग मात्र सरळच असतो. सांगाडा ताठ असेल तर हा धक्का स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर पचवतात. लेचापेचा असेल तर सांगाडाच स्प्रिंगसारखा वागतो, आणि त्याला आवरायला शॉक अ‍ॅब्सॉर्बर नसतो. समोरच्या काचेची चौकट थरथरते, आरशातली मागची गाडी धूसर दिसते. वेगात वळताना चाकांचे कोन किंचित बदलतात आणि स्टिअरिंगचा नेमकेपणा हरवतो. स्पोर्ट्स कारमध्ये तर तोच सगळ्यात मोलाचा.

मग हरवलेला ताठपणा आणायचा कुठून? दाराखालून. तिथल्या आडव्या पेट्या, म्हणजे सिल, जाड आणि उंच केल्या जातात. माझ्या मते रोडस्टर, म्हणजे दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स कार, समजून घ्यायची तर आधी तिचा उंबरठा पाहावा.

मर्सिडीझ 300 एसएलची कथा यासाठी फार सुंदर आहे. 1954च्या कूपेचा, म्हणजे दोन दारांच्या छपराच्या गाडीचा, सांगाडा बारीक पोलादी नळ्यांच्या जाळीचा होता. ताठपणासाठी ही जाळी दोन्ही बाजूंना इतकी उंच आणली होती की नेहमीचं दार बसेना, म्हणून पंखासारखी वर उघडणारी दारं आली. त्यांच्या बिजागऱ्या छपरात. 1957मध्ये रोडस्टर काढायची, तर छपराबरोबर बिजागऱ्याही गेल्या! साधी दारं लावण्यासाठी बाजूची जाळी खाली घ्यावी लागली आणि ताठपणा राखायला सांगाड्याची मांडणी बदलून मजबुती द्यावी लागली.

1996च्या लोटस एलिझने वेगळा मार्ग धरला. अ‍ॅल्युमिनियमचे पोकळ तुकडे इपॉक्सी गोंदाने चिकटवून केलेली तिची चासी, म्हणजे मूळ सांगाडा, अवघी 68 किलोंची. बाजूच्या पेट्या मात्र भल्या रुंद. त्या ओलांडून आत उतरायचं म्हणजे आधी पाय, मग कंबर वाकवत स्वतःला खाली सोडायचं. ही गैरसोय मला अगदी योग्य वाटते, कारण त्या पेट्या छपराचंच काम करत असतात.

कार्बन फायबरने ही तडजोड बरीच हलकी केली. मॅकलॅरेनच्या 2011च्या 12सीचा टब, म्हणजे प्रवासी बसतात तो टोपासारखा मधला सांगाडा, कार्बन फायबरचा होता आणि त्याची मजबुती छपरावर अवलंबून नव्हती. 2012मध्ये तिची स्पायडर, म्हणजे उघड्या छपराची आवृत्ती, आली तेव्हा टबला जास्तीचा आधार द्यावा लागला नाही. वजन वाढलं ते 40 किलो, मुख्यतः उघडमीट होणाऱ्या छपरामुळे आणि ते हलवणाऱ्या यंत्रणेमुळे.