कामातून सुटलेला घोडा जातो कुठे?

मुंबई उच्च न्यायालयाने ८ जून २०१५ रोजी निकाल दिला की हौसेच्या फेरीसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया, म्हणजे मुंबईतल्या घोडागाड्या, बेकायदा आहेत आणि त्या वर्षभरात बंद व्हायला हव्यात. पुढे मालक आणि चालकांच्या पुनर्वसनावर बरीच वर्षे खल झाला, नुकसानभरपाईची योजना ठरली, आणि २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया दक्षिण मुंबईत फिरू लागल्या. माणसांची ही सोय व्हायलाच हवी होती. अनेक कुटुंबांचा पिढीजात धंदा गेला होता. पण घोडे जिवंत होते, आणि त्यांच्यापुढे अजून दहा-पंधरा वर्षांचे आयुष्य असू शकत होते. त्या वर्षांबद्दल चर्चा फारच थोडी झाली.

घोड्याच्या बाबतीत अडचण इथेच सुरू होते. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. शर्यतीचा घोडा मात्र दुसऱ्या वर्षी धावायला लागतो, आणि सहा-सात वर्षांचा होईपर्यंत बहुतेकांची शर्यत संपलेली असते. गाडीचा घोडा विशीच्या आसपास थकतो, डांबरी रस्त्यावर राबला असेल तर त्याआधीच. म्हणजे ज्या जनावराने आपल्या मालकाला पोसले, त्याला पुढची कितीतरी वर्षे कोणीतरी पोसायचे असते, आणि त्यातून एक पैसाही परत येत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत उमद्या घोड्याला लाखांची बोली लागते, पण वीस वर्षांच्या लंगड्या घोड्यासाठी तिथे कोणी थांबत नाही. निवृत्त घोड्यांसाठी जी कुरणे आणि आश्रयस्थाने जगभर उभी राहिली, त्यांचा इतिहास म्हणजे या खर्चाचे उत्तर शोधण्याचा इतिहास आहे.

आपल्याकडे याचे एक उत्तर फार आधी मिळाले होते. मुंबईत १८३२ मध्ये सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला तेव्हा पारशी समाजातून तीव्र विरोध झाला आणि दंगल उसळली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाय यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. जैन, हिंदू आणि पारशी व्यापाऱ्यांच्या दानावर चाललेल्या अशा संस्थांमध्ये निरुपयोगी ठरलेल्या जनावराला मरेपर्यंत चारा-पाणी मिळे. गाई-बैल हा त्यांचा मुख्य परिवार, पण इतर जनावरांनाही दार बंद नव्हते. १९६० च्या प्राणी-क्रौर्य प्रतिबंधक कायद्यातही ही परंपरा उतरली: कलम ३५ नुसार छळ झालेले जनावर दंडाधिकारी पांजरपोळात पाठवू शकतात. जनावर मारायचे नाही, शेवटपर्यंत सांभाळायचे, हा तिथला मूळ विचार.

लंडनमध्ये उत्तर वेगळ्या वाटेने आले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्या एका शहरात तीन लाखांच्या आसपास घोडे राबत असावेत, असा त्या काळचा अंदाज आहे. बसचा घोडा चार-पाच वर्षांत झिजे, मग तो हलक्या गाडीला जाई, तिथून आणखी हलक्या गाडीला. प्रत्येक विक्रीत त्याची किंमत उतरे आणि चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, तीही कमी होई. शेवटी खाटीक. ॲना स्यूएल यांच्या ‘ब्लॅक ब्यूटी’ने १८७७ मध्ये हीच उतरंड घोड्याच्या तोंडून सांगितली आणि इंग्लंडला हलवून सोडले. ते पुस्तक मनात घेऊन ॲन लिंडो या बाईंनी १८८६ मध्ये हॅरोजवळच्या सडबरी इथे घोड्यांसाठी विश्रांतिगृह काढले.

या संस्थेचा सुरुवातीचा हेतू आज विसरला जातो. ती वृद्धाश्रम म्हणून सुरू झाली नव्हती. लंडनचा गाडीवान गरीब होता. घोडा आजारी पडला तरी त्याला जुंपावा लागे, कारण घोडा बसला की घरातली चूल बंद. संस्थेने त्यावर साधा उपाय केला. आजारी घोडा आमच्याकडे ठेवा, तो बरा होईपर्यंत आमचा घोडा घेऊन जा. गाडीवानाला खलनायक न ठरवता त्याच्या घोड्याला विश्रांती देणारी ही व्यवस्था मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. आपल्याकडच्या टांगेवाल्यांना आणि माथेरानच्या घोडेवाल्यांना अशी सोय कधी मिळाली असती, तर ‘घोडा की माणूस’ हा वाद इतका कडवट झाला नसता. मोटारी आल्या, गाडीवान संपले, आणि मग हळूहळू ही संस्था निवृत्त घोड्यांचे कायमचे घर बनली. आज ती ‘द हॉर्स ट्रस्ट’ या नावाने बकिंगहॅमशरमध्ये आहे आणि तिथे पोलीस व लष्करातले घोडे निवृत्तीनंतर राहतात.

त्यांच्यापैकी सेफ्टन हा इंग्लंडला सर्वांत ठाऊक असलेला घोडा. २० जुलै १९८२ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये बॉम्बस्फोट झाला. राजघराण्याच्या घोडदळातले चार सैनिक आणि सात घोडे मारले गेले. एकोणीस वर्षांच्या सेफ्टनला चौतीस जखमा झाल्या, मानेची मोठी शीर तुटली. आठ तास शस्त्रक्रिया चालली आणि तो वाचला, इतकेच नव्हे तर कामावरही परतला. १९८४ मध्ये तो या कुरणात आला आणि १९९३ मध्ये, तिसाव्या वर्षी, जुन्या जखमांमुळे आलेले लंगडेपण असह्य झाल्यावर त्याला शांतपणे मृत्यू देण्यात आला.

सेफ्टनला नऊ वर्षे कुरण मिळाले. पहिल्या महायुद्धातल्या घोड्यांच्या नशिबी ते नव्हते. ऑस्ट्रेलियाने १,३६,००० घोडे परदेशी पाठवले, त्यातला एकच मायदेशी परतला: सँडी. तो जनरल ब्रिजेस यांचा घोडा होता. मेलबर्नजवळ मॅरिबर्नाँगच्या लष्करी कुरणात त्याने शेवटची वर्षे काढली. बाकीच्यांना रोगराईच्या भीतीने परत नेता आले नाही. युद्ध संपले तेव्हा ऑस्ट्रेलियन सैन्याकडे १३,००० घोडे जास्तीचे उरले होते. त्यातले सुमारे ११,००० विकले गेले, आणि बहुतेक भारतातल्या ब्रिटिश सैन्याकडे आले. आपल्या छावण्यांमध्ये ‘वेलर’ म्हणून ओळखले जाणारे उंच, हाडापेराने मजबूत घोडे याच जातीचे. त्याच युद्धात पॅलेस्टाइनच्या मोहिमेत पूना हॉर्स ही भारतीय घोडदळाची पलटण होती, आणि २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफावर घोडे घालणारे जोधपूर-म्हैसूरचे लान्सरही होते.

ब्रिटिश सैन्याचे हजारो घोडे मात्र इजिप्तमध्येच विकले गेले. डोरोथी ब्रुक १९३० मध्ये कैरोला आल्या. त्यांचे पती तिथल्या घोडदळाचे अधिकारी होते. शहराच्या गल्ल्यांत, दगडाच्या खाणींत त्यांना हाडांचे सापळे झालेले घोडे दिसले, आणि त्यांच्या अंगावर लष्कराचा डाग. युद्ध संपून बारा वर्षे झाली होती. एप्रिल १९३१ मध्ये त्यांनी लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ला पत्र लिहिले: हे घोडे आता सगळे विशी ओलांडलेले आहेत, त्यांना विकत घेण्यासाठी पैसे पाठवा. पैसे आले. तीन वर्षांत सुमारे ५,००० घोडे त्यांनी विकत घेतले.

विकत घेतलेल्या बहुतेक घोड्यांना त्यांनी थोडे दिवस पोटभर खाऊ घातले, विश्रांती दिली, आणि मग मृत्यू दिला. त्यांची अवस्था इतकी वाईट होती की जगवणे म्हणजे छळ लांबवणे झाले असते. पांजरपोळाच्या परंपरेत वाढलेल्या मनाला हे पटायला जड जाते, आणि जड जावे हे योग्यच आहे. तरीही मला ब्रुकबाईंचा निर्णय बरोबर वाटतो. त्यांनी घोडे विकत घेतले ते आकडे दाखवण्यासाठी नव्हे. प्रत्येक घोड्यामागे गरीब मालकाला दुसरा घोडा घेण्याइतके पैसे पोचत होते, आणि जुन्याचे हाल थांबत होते. १९३४ मध्ये त्यांनी कैरोत युद्धाश्वांच्या स्मरणार्थ दवाखाना काढला. त्यातून वाढलेली ‘ब्रुक’ ही संस्था १९९०च्या दशकापासून भारतातही वीटभट्ट्यांवरच्या आणि टांग्यांच्या घोडे-गाढवांसाठी काम करत आली आहे.

आणखी एक धागा कायद्याचा. एडा कोल यांनी १९११ मध्ये अँटवर्पच्या धक्क्यावर इंग्लंडमधले थकलेले कामाचे घोडे कत्तलीसाठी उतरवले जाताना पाहिले. १९२७ मध्ये त्यांनी या निर्यातीविरुद्ध संघटना उभारली. १९३० मध्ये त्या गेल्या. १९३७ मध्ये कायदा झाला. निर्यातीच्या घोड्याची किमान किंमत कायद्याने ठरवली गेली, म्हणजे म्हातारा घोडा मांसासाठी बाहेर पाठवणे परवडेनासे झाले. हीच संघटना आज ‘वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर’ आहे. तिच्या फार्मवर सोडवलेला घोडा बरा केला जातो आणि मग सांभाळायला चांगले घर पाहून दिला जातो, पण मालकी संस्थेकडेच राहते. नव्या घरी हाल झाले तर घोडा परत आणता येतो. जागा मर्यादित असताना हा मार्ग मोलाचा आहे, कारण एक घोडा बाहेर गेला की दुसऱ्याला आत येता येते.

आता अशा फार्मवरच्या रोजच्या कामाकडे येऊ, कारण इतिहासातला प्रत्येक निर्णय इथे चाऱ्याच्या हिशेबात उतरतो. ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण दहा किलो कोरडा चारा लागतो, पाणी पंचवीस ते पन्नास लिटर. घोड्याचे दात आयुष्यभर झिजतात आणि वर सरकत राहतात. पंचविशीपर्यंत ते संपत येतात. मग वाळले गवत त्याला चावत नाही, तो अर्धवट चघळून गोळे टाकतो. अशा घोड्याला भिजवलेला, मऊ केलेला चारा दिवसातून चार वेळा द्यावा लागतो. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद येऊन खूर तासतो. रस्त्यावरून आलेल्या घोड्याच्या नाला बहुधा काढल्या जातात, आणि अनवाणी चालायची सवय व्हायला त्याला काही महिने लागतात.

उपाशी घोडा आला की पहिला मोह होतो तो चंदी घालण्याचा. तो टाळावा लागतो. बराच काळ उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम धान्य मिळाले तर रक्तातले क्षार बिघडून तो दगावू शकतो. म्हणून लसूणघास किंवा चांगले वाळले गवत, अगदी थोडे थोडे, दिवसातून अनेकदा, आणि दहा-बारा दिवसांनी पूर्ण आहार. भेटीला येणारी माणसे प्रेमाने गूळ-हरभरे आणतात. जाड्या किंवा म्हाताऱ्या घोड्याला त्याच गोडाने खुरांच्या आत दाह होतो आणि त्याला उभे राहवत नाही. नवा घोडा आधी वेगळा ठेवतात. ग्लँडर्स हा जीवघेणा रोग २००६ पासून भारतात पुन्हा दिसू लागला आहे, तो माणसालाही होतो, आणि बाधित घोडा कायद्याने मारावाच लागतो. एका घोड्यापायी सगळा तबेला जाऊ शकतो.

झोपेचीही एक गोष्ट आहे, जी फार्मवरच्या माणसांना लवकर कळते. घोडा उभ्यानेच डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला दिवसातून अर्धा-पाऊण तास तरी आडवे व्हावे लागते. सांधे दुखणारा म्हातारा घोडा आडवा व्हायला घाबरतो, कारण उठता येईल याची खात्री नसते. मग तो आठवडेच्या आठवडे नीट झोपत नाही, आणि एखाद्या दिवशी उभ्या उभ्या गुडघ्यांवर कोसळतो. गुडघ्यांवरचे खरचटलेले डाग पाहून जाणता मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, हे ओळखतो. मऊ, खोल अंथरूण आणि ओळखीचा जोडीदार जवळ असेल तर घोडा पुन्हा आडवा होऊ लागतो. घोडा कळपातला प्राणी आहे, एकटा तो निर्धास्त होत नाही. म्हणून चांगल्या फार्मवर जोड्या मोडत नाहीत, आणि जोडीतला एक गेला तर दुसऱ्याला त्याच्याजवळ थोडा वेळ राहू देतात.

महाराष्ट्रात व्हिक्टोरियाच्या, शर्यतींच्या आणि थंड हवेच्या ठिकाणांच्या घोड्यांसाठी पांजरपोळ आणि इंग्लंडमधली कुरणे या दोन परंपरांची सांगड घालावी लागेल. पांजरपोळाकडे जागा आहे, दानाची सवय आहे आणि कायद्यातले स्थान आहे. पण गाईसाठी बांधलेल्या गोठ्यात घोडा ठेवून भागत नाही. त्याला फिरायला मोकळी जमीन, नालबंद आणि घोड्यांचा जाणकार डॉक्टर लागतो. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे ज्ञानाची उणीव नाही. उणीव आहे ती पैशाच्या हमीची, आणि ती घोडा कमावता असतानाच घ्यायला हवी: शर्यतीच्या प्रत्येक नोंदणीतून, सवारीच्या प्रत्येक परवान्यातून त्याच्या पुढच्या वर्षांसाठी काही रक्कम बाजूला पडली पाहिजे. आणि ज्या फार्मवर घोडा घ्यायचा, तिथे त्याचा शेवट कोण, कशाच्या आधारे ठरवणार हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहिलेले असावे. १९६० च्या कायद्याचे कलम १३ असाध्य वेदनेतल्या जनावराला मृत्यू देण्याची वाट मोकळी ठेवते.