श्वानप्रदर्शन : पहिल्या रिंगची तयारी

जातिवंत कुत्र्याची ठेवण, चाल आणि स्वभाव त्या जातीच्या लिखित मानकाशी कितपत जुळतात, हे परीक्षक रिंगमध्ये, म्हणजे परीक्षणासाठी आखलेल्या जागेत, पाहून आणि हाताने चाचपून ठरवतो. या स्पर्धेला श्वानप्रदर्शन किंवा डॉग शो म्हणतात. 1859 मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे भरलेल्या प्रदर्शनात फक्त पॉइंटर आणि सेटर जातींची कुत्री होती. पुढे 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब ही श्वानसंस्था, तर 1911 मध्ये ‘एफसीआय’ हा अशा संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. पैदाशीसाठी चांगले जनावर निवडणे हा प्रदर्शनाचा पाया असल्यामुळे नसबंदी झालेले कुत्रे मुख्य वर्गांत सहसा घेतले जात नाही. नराचे दोन्ही वृषण खाली उतरलेले असावे लागतात.

नोंदणीपत्र, मायक्रोचिप आणि लसीकरण यांची पूर्तता आधी करावी. एफसीआयच्या पद्धतीत 9 ते 18 महिन्यांचे कुत्रे ज्युनिअर, 15 ते 24 महिन्यांचे इंटरमीजिएट, 15 महिन्यांपासून पुढचे ओपन आणि 8 वर्षांपासून पुढचे व्हेटरन वर्गात बसते. वय प्रदर्शनाच्या दिवशीचे धरतात, अर्ज भरल्याच्या दिवशीचे नाही. आपला कुत्रा रिंगमध्ये उतरवण्याआधीच एखादे प्रदर्शन आपल्या जातीच्या रिंगजवळ बसून नीट पाहावे. त्या दिवसाइतके शिक्षण दुसरीकडे मिळत नाही.

तयारीचा खरा गाभा स्पर्शाची सवय हा आहे. परीक्षक ओठ वर करून दात पाहतो, खांदा, पाठ, मांड्या दाबतो, नराचे वृषण तपासतो. अनोळखी हात लागताच मागे सरणाऱ्या कुत्र्याची ठेवण कितीही चांगली असली तरी ती दिसत नाही. म्हणून पिल्लूपणापासून रोज दोन-तीन मिनिटे हे सगळे करावे आणि मधूनमधून परक्या माणसांकडूनही करून घ्यावे. लहान जातींची तपासणी टेबलावर होते, त्यांना टेबलाचीही सवय लावावी लागते.

परीक्षकासमोर कुत्र्याला नीट उभे करण्याला स्टॅकिंग म्हणतात. उजव्या हाताने लीड, म्हणजे पट्टा, जबड्यालगत धरून मान स्थिर ठेवावी आणि डाव्या हाताने पुढचा पाय कोपराशी धरून, उचलून सरळ खाली टेकवावा. पंजा धरला की कुत्रा पाय ओढून घेतो. नवख्यांची ही नेहमीची चूक. पुढचे पाय खांद्याच्या उंचवट्याखाली सरळ यावेत, मागच्या पायांचा घोट्यापासून पंजापर्यंतचा भाग जमिनीशी काटकोनात असावा. जर्मन शेफर्डचा एक मागचा पाय मात्र पुढे ठेवतात. म्हणून आपल्या जातीची रीत आधी पाहून घ्यावी.

चाल दाखवताना कुत्रा हँडलरच्या, म्हणजे त्याला रिंगमध्ये फिरवणाऱ्याच्या, डाव्या हाताला असतो आणि परीक्षक व कुत्रा यांच्या मध्ये हँडलरने येऊ नये. बारीक शो लीड कानांमागे उंच बसवतात. ती ताणली की पुढचे पाय उचलल्यासारखे पडतात आणि सुंदर खांद्याचा कुत्राही आखडल्यासारखा दिसतो. बहुतेक जातींकडून दुडकी चाल अपेक्षित असते. एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम पडू लागले, तर वेग कमी आहे किंवा कुत्रा दमला आहे. लीड हलकेच वर उचलून किंचित वेगाने पुन्हा सुरुवात करावी. योग्य वेग शोधायला बाजूने काढलेला व्हिडिओ फार उपयोगी पडतो. सरळ जाऊन परत येणे, त्रिकोण आणि पूर्ण फेरी हे तिन्ही आधी बसवून ठेवावे.

अंघोळीची वेळ केसांवर ठरते. राठ केसांचा कुत्रा आदल्या दिवशी शाम्पूने धुतला तर केस मऊ पडून जातीचा पोत हरवतो, म्हणून त्याला काही दिवस आधीच धुतात. रिंगमध्ये कुत्र्याचे लक्ष वेधायला आमिष म्हणून उकडलेल्या कलेजीचे हरभऱ्याएवढे तुकडे पुरतात. मोठे तुकडे दिले तर तपासणीच्या वेळी कुत्रा चघळत राहतो.

अनेक प्रदर्शनांत परीक्षक लेखी अभिप्राय देतो. तो जपून ठेवावा. एकच दोष दोन-तीन परीक्षकांनी लिहिला तर तो बहुधा कुत्र्याच्या ठेवणीतच असतो. एकानेच चाल आखडलेली म्हटली असेल, तर आधी लीडवरचा आपला हात तपासावा.