कृंतकांतील उतावळेपणा आणि मेंदूतील रसायने

कृंतक म्हणजे उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांचे लक्ष, बक्षिसाची ओढ आणि उतावळेपणा यांवर डोपामिन, सेरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन व ॲसिटिलकोलीन या चेतापारेषकांचा, म्हणजे चेतापेशींमध्ये संदेश पोचवणाऱ्या रसायनांचा, मोठा प्रभाव असतो. एकेका रसायनाला एकेक काम वाटून देण्याचा मोह होतो, पण प्रयोग तसे सांगत नाहीत. रसायन मेंदूच्या कोणत्या भागात आणि कोणत्या ग्राहीवर (पेशीवरील ते रसायन पकडणाऱ्या रेणूवर) काम करते, यावर बरेच काही ठरते.

या अभ्यासाची मुख्य कसोटी केंब्रिज येथे ट्रेव्हर रॉबिन्स व सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात विकसित केली. पेटीच्या वक्र भिंतीत पाच छिद्रे असतात. उंदराने साधारण पाच सेकंद थांबायचे. मग एका छिद्रात अर्धा सेकंद दिवा लागतो. त्याच छिद्रात नाक खुपसले की पलीकडच्या भिंतीजवळ अन्नाची गोळी मिळते. चुकले तर थोडा वेळ अंधार. दिवा लागण्याआधीच नाक खुपसले, तर तो उतावळेपणा धरतात. लक्ष किती अचूक आणि धीर किती, हे दोन्ही एकाच खेळात वेगवेगळे मोजता येते, हे या कसोटीचे खरे मोल.

हा वेगळेपणा लगेच दिसतो. मेंदूच्या तळाकडून बाह्यकाकडे (बाहेरच्या थराकडे) जाणाऱ्या ॲसिटिलकोलीनच्या पेशी नष्ट केल्या की अचूकता ढासळते. सेरोटोनिन मोठ्या प्रमाणावर घटवले, तर उंदीर छिद्र अचूक हेरतो, पण दिवा लागेपर्यंत त्याला थांबता येत नाही. त्यातही गंमत अशी, की सेरोटोनिनचा २ए ग्राही अडवला तर उतावळेपणा घटतो आणि २सी अडवला तर वाढतो. नॉरॲड्रेनलिनचे पुनर्ग्रहण (पेशीने ते परत शोषून घेणे) रोखणारे ॲटोमॉक्सेटिन हे औषध उंदराला धीर देते; माणसांतील अवधान-न्यूनतेवरही ते दिले जाते.

डोपामिनला ‘आनंदाचे रसायन’ म्हणणे दिशाभूल करणारे आहे. डोपामिन जवळजवळ नाहीसे केलेला उंदीर स्वतःहून अन्नाकडे वळत नाही, मात्र जिभेवर साखरेचे पाणी ठेवले की पूर्वीसारखाच ओठ चाटतो. गोडी शाबूत, ओढ गेलेली. २००७ साली डॅली व सहकाऱ्यांनी दाखवले, की स्वभावतः उतावळ्या उंदरांच्या मेंदूत, अधर रेखित पिंड या बक्षिसाशी निगडित भागात, डोपामिनचे डी२/डी३ ग्राही कमी उपलब्ध असतात. ही मोजणी त्यांना कोकेन मिळण्याआधीची होती, म्हणून ती मोलाची. पुढे हेच उंदीर कोकेन जास्त घेऊ लागले.

उतावळेपणाही एकच नसतो. हात आवरता न येणे वेगळे आणि आत्ताची एक गोळी घ्यायची की थोड्या वेळाने चार, यात लगेचची निवडणे वेगळे. ॲम्फेटामिन पाच छिद्रांच्या पेटीत घाई वाढवते, तर निवडीच्या कसोटीत पुष्कळदा थांबण्याकडे कल वळवते. एकाच औषधाचे दोन निकाल असल्यामुळे ‘हा प्राणी उतावळा आहे’ एवढे म्हणून भागत नाही; कोणत्या कसोटीत, हेही सांगावे लागते.

ओकिनावा येथे २०१४ साली छोट्या उंदरांच्या मेंदूस्तंभातील सेरोटोनिन पेशी आधी प्रकाशसंवेदी करून मग प्रकाशाने उद्दीपित करण्यात आल्या, तेव्हा ते छिद्रात नाक ठेवून अन्नाची अधिक काळ वाट पाहू लागले. त्याच गटाच्या पुढच्या प्रयोगांत, अन्न मिळण्याची शक्यता कमी ठेवल्यावर मात्र त्याच प्रकाशाने त्यांचे थांबणे वाढले नाही.