कॉल वळवणी (कार्यालयाबाहेरील विक्रेत्यांकडे)

कंपनीच्या नेहमीच्या क्रमांकावर आलेला ग्राहकाचा कॉल फिरतीवर असलेल्या किंवा घरून काम करणाऱ्या विक्री प्रतिनिधीच्या फोनवर पोचवण्याची व्यवस्था. ग्राहकाला एकच क्रमांक पाठ असावा आणि विक्रेता चाकणला असो की सोलापूरला, बोलणे व्हावे, हा तिचा हेतू. खरी अडचण लाइनींच्या संख्येची असते. दहा-बारा विक्रेते असलेल्या दुकानाकडे किंवा कारखान्याकडे एक्स्चेंजच्या लाइनी पुष्कळदा चारच असतात. कॉल कुठे वळतो, आपल्या ईपीएबीएक्सवर (कार्यालयातल्या फोन जोडणाऱ्या यंत्रावर) की टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये, यावर त्या चार लाइनी पुरतात की नाही हे ठरते.

लाइनींचा हिशोब : ईपीएबीएक्सला एक्स्टेंशन कितीही असली तरी बाहेरच्या जगाशी एका वेळी तेवढीच बोलणी होतात, जेवढ्या लाइनी आहेत. आलेला कॉल आतल्या एक्स्टेंशनला दिला तर एक लाइन अडकते. तोच कॉल विक्रेत्याच्या मोबाइलला जोडायचा तर ईपीएबीएक्सला दुसऱ्या लाइनवरून बाहेर डायल करावे लागते. मग एक लाइन ग्राहकाची, एक विक्रेत्याची, आणि बोलणे संपेपर्यंत दोन्ही अडकलेल्या. कार्यालयात मात्र कोणीच बोलत नसते.

याचा फटका किती बसतो, हे कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणितज्ञ आग्नर क्रारुप एरलांग यांच्या १९१७ च्या सूत्राने काढता येते. गर्दीच्या तासाला सरासरी तीन मिनिटांचे २० कॉल येतात असे धरू. चार लाइनी असताना कॉल आतच घेतले, तर ६५ ग्राहकांमागे एकाला लाइन व्यस्त मिळते. सगळे कॉल ईपीएबीएक्समधून बाहेर वळवले, तर चार लाइनींच्या दोनच जोड्या उरतात आणि पाचातला एक ग्राहक परत जातो. पहिल्याइतकी सोय हवी असेल तर आठ लाइनी घ्याव्या लागतील. व्यस्त मिळालेला ग्राहक पुन्हा फोन करत नाही, असे हे सूत्र मानते. विक्रीच्या धंद्यात हे गृहीतक फारसे चुकीचे नाही, कारण तो पुढच्या दुकानाला फोन लावतो.

एक्स्चेंजमधून वळवणी : यात कॉल कार्यालयापर्यंत येतच नाही, एक्स्चेंज तो परस्पर विक्रेत्याकडे पाठवते. सरसकट, लाइन व्यस्त असताना आणि उत्तर न आल्यास, असे तिचे तीन नेहमीचे प्रकार आहेत. लाइनी मोकळ्या राहतात आणि बहुतेक वेळा विक्रेत्याला ग्राहकाचा मूळ क्रमांकही दिसतो. ईपीएबीएक्समधून वळवलेल्या कॉलवर साध्या लाइनींवर तरी कंपनीचाच क्रमांक दिसतो, त्यामुळे कॉल तुटला तर परत कोणाला लावायचा हे विक्रेत्याला कळत नाही. उणीव अशी की क्रमांक एकाच ठिकाणी वळतो. आज पुण्याचे कॉल एकाकडे, नाशिकचे दुसऱ्याकडे, अशी वाटणी तिथे होत नाही. ती करायला ऑपरेटर किंवा ईपीएबीएक्स लागतोच. म्हणून लहान कंपन्यांनी काढलेला मधला मार्ग असा : हंटिंगच्या (एकाच क्रमांकावर आलेला कॉल पुढच्या मोकळ्या लाइनला देणाऱ्या गटाच्या) सगळ्या लाइनी व्यस्त झाल्या की पुढचा कॉल तेवढा एक्स्चेंजने बाहेर वळवायचा.

आयएसडीएनच्या पीआरआय या डिजिटल जोडणीत एका केबलवर ३० बोलणी चालतात, त्यामुळे टंचाई सैल होते. काही एक्स्चेंज दोन्ही बाजू जोडून दिल्यावर ईपीएबीएक्सला मधून बाहेर पडू देतात. एसआयपी ट्रंकमध्ये (इंटरनेट पद्धतीने चालणाऱ्या जोडणीत) तर ‘हा कॉल अमुक ठिकाणी पाठवा’ एवढा संदेश परत देऊन मोकळे होता येते, अर्थात सेवादाराने ती मुभा दिली असेल तर. करार करण्यापूर्वी विचारून घ्यावी अशी गोष्ट हीच. दरपत्रकात ती सहसा नसते.

अडकलेली लाइन : जुन्या तांब्याच्या लाइनींवर एक विशेष त्रास होतो. ग्राहकाने आणि विक्रेत्याने, दोघांनीही फोन ठेवला तरी ईपीएबीएक्सला ते कळत नाही, कारण दोन्ही बाजू बाहेरच्या आहेत. तो दोन्ही लाइनी धरून बसतो. एक्स्चेंजकडून लाइनची ध्रुवता उलटण्याचा संकेत मिळत असेल तर उत्तम. नाहीतर व्यस्त-स्वर ओळखून लाइन सोडण्याची किंवा ठरावीक मिनिटांनी कॉल तोडण्याची सोय चालू ठेवावी लागते. दुसरा घोटाळा मोबाइलच्या बाजूचा. विक्रेता ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ असला की ध्वनिमुद्रित सूचना वाजते आणि काही यंत्रणा तिलाच उत्तर समजतात. कॉल दुसऱ्या विक्रेत्याकडे जायचा थांबतो. यावर उपाय म्हणजे विक्रेत्याने १ दाबल्याशिवाय ग्राहकाला जोडायचेच नाही.

भारतातील स्थिती : मुंबईत एक्स्चेंज १८८२ मध्येच आले, तरी लाइनसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसण्याचा काळ अनेकांच्या आठवणीत आहे. त्या काळी वळवणी म्हणजे ऑपरेटरने चिठ्ठीवर निरोप लिहून घेणे आणि विक्रेत्याने संध्याकाळी पीसीओवरून विचारणे. १९९५ मध्ये मोबाइल आला, पण येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. म्हणजे वळवलेल्या कॉलचे कार्यालयही भरे आणि विक्रेताही. मे २००३ पासून इनकमिंग मोफत झाले आणि हा प्रकार सर्रास झाला. पुढे ईपीएबीएक्सला सिमकार्डाचे गेटवे जोडून, विक्रेत्यांच्याच कंपनी-गटातील सिमवरून कॉल बाहेर काढण्याची युक्ती रूढ झाली. त्यात कॉलचा बाहेर जाणारा भाग सिमवर जातो, तांब्याची दुसरी लाइन वाचते.

आता आभासी क्रमांकाच्या क्लाउड सेवा हे काम करतात. कॉल सेवादाराच्या केंद्रात उतरतो, तिथूनच विक्रेत्यांकडे क्रमाने किंवा एकदम वाजतो, आणि कार्यालयात लाइन असण्याचीही गरज राहत नाही. दोन लाइनींचा खर्च मात्र टळत नाही, तो सेवादाराच्या चॅनेलांवर आणि मिनिटांच्या बिलावर जातो. 

सुरक्षा : बाहेरून फोन करून ईपीएबीएक्सच्या लाइनवर पुन्हा डायल करू देणारी सोय फिरत्या विक्रेत्यांना उपयोगी पडते, कच्चा पासवर्ड ठेवला तर तिच्यातूनच परदेशी कॉलांचे मोठे बिल चढते. मोबाइलवरील वळवणीचाही गैरवापर झाला : भामट्यांनी *४०१# पुढे आपला क्रमांक जोडून तो समोरच्याला डायल करायला लावायचे आणि समोरच्याचे कॉल, त्यांबरोबर ओटीपीही, आपल्याकडे घ्यायचे. त्यामुळे दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून यूएसएसडीवरची (*, # असे संकेत डायल करून मिळणारी) ही सेवा थांबवण्याचे आदेश दिले आणि ज्यांना वळवणी हवी त्यांनी ती अन्य मार्गाने पुन्हा सुरू करून घ्यावी असे ठरवले.