हॉबल्डिहॉय

अंगापिंडाने वाढलेला, पण चालण्याबोलण्यात अजून न रुळलेला बुजरा, वेंधळा मुलगा, या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द. तो मुलांनाच लावत, मुलींना नाही. ‘बॉय’शी यमक जुळत असल्याने ‘ना पोर, ना बाप्या’ अशा अर्थाची म्हणही त्याला चिकटली.

लिखित इंग्रजीत तो १५४० साली दिसतो, तोही शाळकरी पुस्तकात. जॉन पाल्सग्रेव्हने ‘अकोलास्टस’ हे लॅटिन नाटक विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीत आणले. त्यात मिसरूड फुटण्याच्या वयाला हा शब्द योजला आहे. व्युत्पत्ती ठरलेली नाही. ‘हॉब’ हे रॉबर्टचे गावरान लाडके नाव त्यात असावे, असा एक तर्क आहे. ‘हॉबल’ म्हणजे लंगडत चालणे, याची छाया मागाहून पडली असावी. स्पेलिंगे तर ज्याला जशी सुचली तशी.

शेतीवर पद्ये रचणाऱ्या टॉमस टसरने माणसाचे आयुष्य सात-सात वर्षांच्या बारा टप्प्यांत मांडले. कारागिराकडची उमेदवारी सात वर्षांची असे, तेच हे माप. पहिली सात वर्षे मूल म्हणून वाढवा, पुढची सात शिकवा, आणि चौदा ते एकवीस या टप्प्यातल्या ‘सर हॉबर्ड डी हॉय’ला धाकात ठेवा, असा त्याचा सल्ला. थट्टेने दिलेली ही ‘सर’की बापलोकांना नक्कीच पटली असणार.

या पोरांची बाजू मात्र इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप याने घेतली. ‘द स्मॉल हाउस ॲट ॲलिंग्टन’ (१८६४) मधला जॉनी ईम्स लंडनच्या प्राप्तिकर कचेरीत कारकून आहे. ट्रोलप स्वतः १८३४ मध्ये टपाल खात्यात कारकून म्हणून चिकटला होता, त्यामुळे हे वर्णन ऐकीव वाटत नाही. अशा मुलाला चारचौघांत जायचे म्हणजे शिक्षा. बाई बोलली की तो लाल होतो, हातपाय कुठे ठेवावेत ते कळत नाही. पण एकटाच फिरायला निघाला की मनातल्या मनात तो सुंदर स्त्रियांशी अस्खलित बोलतो! उशिरा पिकणारे फळच जास्त गोड निघते, असे ट्रोलपचे मत.

जॉनी पुढे सुधारतो, साहेबाचा खासगी चिटणीस होतो. त्याचे जिच्यावर प्रेम आहे, ती लिली डेल मात्र त्याला होकार देत नाही. १८६७ च्या ‘द लास्ट क्रॉनिकल ऑफ बार्सेट’मध्येही नाही.