मिश्र फ्रॅटर्निटीतील ‘ब्रदर’

अमेरिकी महाविद्यालयांतल्या ग्रीक अक्षरी नावांच्या विद्यार्थी संघटनांपैकी ज्यांत स्त्री-पुरुष दोघांनाही प्रवेश असतो, त्या मिश्र फ्रॅटर्निटी. त्यांपैकी अनेक संघटनांत दीक्षा घेतलेल्या मुलीलाही ‘ब्रदर’च म्हणतात. हा लिंगभेद आहे की नाही, यावर सदस्यांतच एकमत नाही.

शिक्षणसंस्थांतील लिंगाधारित भेदभावाला बंदी करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा १९७२ मध्ये झाला. निव्वळ सामाजिक स्वरूपाच्या फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटींना (म्हणजे स्त्रियांच्या तशाच संघटनांना) १९७४ च्या दुरुस्तीने सदस्यत्वापुरती सूट मिळाली, पण व्यवसायाशी वा सेवेशी निगडित संघटना त्या सवलतीत बसत नव्हत्या. न्यूयॉर्क विद्यापीठात १९०७ मध्ये निघालेल्या ‘डेल्टा सिग्मा पाय’ या व्यावसायिक फ्रॅटर्निटीने १९७५ मध्ये स्त्रियांना सदस्यत्व खुले केले. स्काउट चळवळीच्या प्रेरणेने १९२५ मध्ये लाफायेट कॉलेजात सुरू झालेल्या ‘अल्फा फाय ओमेगा’ या सेवाभावी फ्रॅटर्निटीने ते १९७६ मध्ये केले, तिच्या काही शाखा मात्र पुढेही बराच काळ पुरुषांपुरत्याच राहिल्या. नियम बदलले, पण संबोधन तेच राहिले.

‘ब्रदर’ हे पद आहे, त्याचा स्त्री-पुरुषत्वाशी संबंध नाही, असे समर्थक म्हणतात. त्यांत मुलीही पुष्कळ असतात, आणि त्यांचे म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखे नाही: ‘सिस्टर’ म्हटले की आपली वेगळी, दुय्यम रांग लागेल, ही भीती. पण पुरुषांना सरसकट ‘सिस्टर’ म्हणायचे ठरले, तर हाच युक्तिवाद किती जण करतील, ही शंका उरतेच.

मानसशास्त्रज्ञ जेन स्टाउट व नीलांजना दासगुप्ता यांच्या २०११ च्या प्रयोगांत, नोकरीच्या लुटुपुटीच्या मुलाखतीत केवळ पुल्लिंगी भाषा कानावर पडलेल्या स्त्रियांना ती जागा कमी आपली वाटली. जॅनेट स्विम आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की, स्त्रियांवरचा अन्याय आता संपला असे मानणाऱ्यांच्या लिंगभेदी शब्दप्रयोग कमी लक्षात येतात. हे निष्कर्ष फ्रॅटर्निटीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. मुलाखतीची भाषा उमेदवारावर लादलेली असते. इथे मुलगी ते नाव माहीत असून, कित्येकदा अभिमानाने घेते.

फिलिपिन्समध्ये १९५० पासून असलेल्या ‘अल्फा फाय ओमेगा’त हा पेच वेगळ्या रीतीने सुटला आहे. तिथे एकाच नावाखाली पुरुषांची फ्रॅटर्निटी आणि स्त्रियांची सोरॉरिटी असून, सदस्य एकमेकांना ‘ब्रॉड’ (ब्रदर) आणि ‘सिस’ (सिस्टर) म्हणतात. अमेरिकेतल्या समर्थकांना नको असलेली वेगळी रांग ती हीच.